चार घरांची कुंडली

मी ज्योतिषी नव्हे आणि गणितीही नव्हे. एका विमा कचेरीत ३९ वर्षे कारकुनी करून २०१० साली मी घरी बसलो. उभ्या जन्मात जे काही शिकलो ते उभ्याआडव्या रेघा मारलेल्या कागदावर. आडवी ओळ, उभा रकाना आणि शेवटी बेरीज. आडव्या बेरजांची बेरीज आणि उभ्या बेरजांची बेरीज एकच आली की त्या दिवशीचा चारचा चहा गोड लागायचा. असे असूनही माझ्या स्वतःच्या घरातला एक हिशेब मी पन्नास वर्षांहून अधिक काळ चुकीचा धरून चाललो होतो, आणि तो दुरुस्त केला अकरावीत शिकणाऱ्या माझ्या नातीने. त्याचीच ही हकिकत.

हिशेब होता माझ्या थोरल्या बहिणीचा.

ताईचे लग्न १९६६ च्या वैशाखात झाले. मी तेव्हा सोळा वर्षांचा. कानपिळीच्या वेळी मेव्हण्यांनी मला फाउंटन पेन दिले होते आणि वर म्हणाले होते, "कान जरा हळू पिळ हो, पुढे संसारात ऐकायच्या कामी यायचा आहे!" असा हसरा माणूस. १९६८ च्या श्रावणात खंडाळ्याच्या घाटात मोटार उलटली आणि ते गेले. ताईला तेविसावे वर्ष होते.

तेराव्याला जमलेल्या मंडळींपैकी कुणीतरी ताईची पत्रिका पाहायला मागितली. आठव्या घरात मंगळ! मेव्हण्यांच्या पत्रिकेत तो नव्हता. म्हणजे जोडी जुळलेली नव्हती. तसे हे लग्नाआधीही ठाऊक होते. गुरुजींनी पत्रिका पाहून "गुरूची दृष्टी आहे, अपवाद होतो" असा निर्वाळा दिला होता आणि आम्ही निर्धास्त झालो होतो. गंमत अशी की तो अपवाद लग्नाच्या वेळी सर्वांच्या लक्षात होता आणि तेराव्याच्या दिवशी कुणाच्याच नव्हता. "मंगळाने खाल्ला," हे दोन शब्द स्वयंपाकघरातून माजघरात आणि माजघरातून ओटीवर आले. ताईच्या तोंडावर ते कुणी बोलले नाही. पण ओटीपासून तिच्या खोलीपर्यंत अंतर ते किती!

ताई पुढे शिकली, गिरगावातल्या एका शाळेत शिक्षिका झाली, शेकडो मुलींना तिने शुद्धलेखन शिकवले. तिने कधी तक्रार केली नाही. आणि मी? चारचौघांत मी म्हणत असे, "छे, आपला नाही बुवा विश्वास!" पण मनात कुठेतरी ते दोन शब्द घट्ट बसले होते. त्याचा पुरावाच देतो. १९९९ साली आमच्या चिरंजिवांसाठी स्थळे पाहत होतो. एक मुलगी सर्वांना पसंत पडली होती. पण पत्रिकेत मंगळ निघाला. मी पत्रिका परत पाठवायचे ठरवले. ताई त्या दिवशी आमच्याकडेच होती. मी पाकीट शोधू लागलो तेव्हा ती काही न बोलता उठली, तिने पत्रिकेची नीट घडी घातली, पाकिटात भरली आणि आपल्या वळणदार अक्षरात पत्ताही लिहून दिला. मी तिकीट लावले. तिच्याकडे वर मान करून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही, इतके मात्र आठवते.

आता नातीकडे वळतो. गेल्या पावसाळ्यात तिला कॉलेजात संख्याशास्त्राचा एक प्रकल्प मिळाला. घरात किंवा शेजारात सापडेल अशी कसलीही माहिती गोळा करायची, तिचे दुहेरी कोष्टक मांडायचे आणि त्यावरून संभाव्यता काढायच्या. दुहेरी कोष्टक म्हणजे एकाच गोष्टीला दोन प्रश्न विचारायचे. एका प्रश्नाची उत्तरे आडव्या ओळींत, दुसऱ्याची उभ्या रकान्यांत. दोन्ही प्रश्न "होय की नाही" असे असले म्हणजे मधोमध चार घरे तयार होतात. आमच्या सौभाग्यवतींनी सुचवले, "तुझे आजोबा छत्री नेतात की नाही आणि पाऊस पडतो की नाही, ते मांड." पण त्याला चार महिने लागले असते, आणि प्रकल्प आठवड्यात द्यायचा होता.

तेव्हा मला आईची पत्र्याची पेटी आठवली. माझ्या आईला पत्रिका जपून ठेवण्याचा नाद. सासरच्या, माहेरच्या, चुलत, मावस, आते, मामे, साऱ्यांच्या पत्रिका ती मागून घेई आणि नवराबायकोच्या पत्रिका एकत्र दोऱ्याने बांधून ठेवी. १९१५ च्या सुमारापासून पुढच्या चार पिढ्या त्या पेटीत नांदत होत्या. पेटी माळ्यावरून खाली आली, झुरळे बाहेर पळाली आणि नातीने विचारले, "आजोबा, ह्याच्यात 'मंगळ' कसा ओळखायचा?"

मी सांगितले, वरचे मधले घर लग्नाचे, म्हणजे पहिले. तेथून डाव्या हाताला मोजत जायचे. 'मं' हे अक्षर पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात सापडले की मंगळ. तिने क्षणभर बोटे मोजली.

"म्हणजे बारांपैकी पाच घरं?"

"हो."

"आणि लग्न दिवसातून बारा वेळा बदलतं, असं तुम्हीच म्हणालात ना? मग रोजच्या चोवीस तासांत जवळजवळ दहा तास जन्मणारी सगळी मुलं मंगळाची?"

मी गप्प बसलो. लग्नराशींचा काळ अगदी सारखा नसतो, पण ढोबळ हिशेब बरोबर होता. साठ वर्षे "मंगळ" हा शब्द मी ऐकत आलो, तो जणू लाखात एखाद्याला होणारा दुर्धर रोग! आणि तो निघाला शंभरातल्या सुमारे बेचाळिसांना. पोरगी तेवढ्यावर थांबली नाही. तिने बारा आडव्या आणि बारा उभ्या रेघांचे मोठे कोष्टक काढले. आडवे नवऱ्याचे घर, उभे बायकोचे घर. एकूण चौकटी १४४. दोघांनाही मंगळ अशा ५ गुणिले ५, म्हणजे २५. दोघांनाही नाही अशा ७ गुणिले ७, म्हणजे ४९. उरलेल्या ७० चौकटींत एकाला मंगळ आणि दुसऱ्याला नाही. म्हणजे पत्रिका न पाहता कुणीही कुणाशी लग्न केले तर जवळजवळ निम्म्या जोड्या "न जुळलेल्या" निघणार. ज्या समाजांनी मंगळाचे नावही ऐकलेले नाही तिथले निम्मे संसार मग कधीच उद्ध्वस्त व्हायला हवे होते!

पण आमच्या पेटीत काय होते? मोजायला बसण्यापूर्वी तिने वहीत नियम लिहून काढले, आणि विमा कचेरीत मुरलेल्या मला तिचे तेच सर्वांत आवडले. नियम पहिला: मंगळाची घरे पाच, गुरुजींचे अपवाद धरायचे नाहीत, नाहीतर वाईट घडले की मंगळ, आणि चांगले घडले की अपवाद. नियम दुसरा: लग्नानंतर बारा वर्षांच्या आत दोघांपैकी एक गेला तर तो अकाली मृत्यू, मग कारण काहीही असो. नियम तिसरा: दोघांच्याही पत्रिका सापडतील तेवढीच जोडपी घ्यायची, आणि मग कुणालाही वगळायचे नाही.

तीन संध्याकाळी आम्ही बसलो. ती 'मं' शोधी, मी मृत्यूची वर्षे आठवी, आणि अडले तिथे सौभाग्यवती स्वयंपाकघरातून दुरुस्ती करीत. ६४ जोडपी भरली. जुन्या काळी पुष्कळ लग्ने मैत्रीखातर, पत्रिका न पाहताच ठरत. काहींत गुरुजींचे अपवाद होते. अलीकडची काही प्रेमाची होती. म्हणून न जुळलेलीही बरीच निघाली. कोष्टक असे झाले:

मंगळ न जुळलेली जोडपी: अकाली मृत्यू २, संसार पुढे चालला १८, एकूण २०.
मंगळ जुळलेली जोडपी: अकाली मृत्यू ५, संसार पुढे चालला ३९, एकूण ४४.
सगळी मिळून: अकाली मृत्यू ७, संसार पुढे चालला ५७, एकूण ६४.

पहिल्या घरातल्या त्या "२" वर माझी नजर खिळली. त्यातली एक ताई होती.

नातीने मात्र पेन्सिल उचलली. "आजोबा, अंश एकच आहे, दोन. पण खाली छेद काय लिहायचा त्यावर प्रश्न बदलतो. चौसष्ट जोडप्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या आणि डोळे मिटून एक उचलली, तर 'मंगळ न जुळलेला आणि अकाली मृत्यूही' अशी चिठ्ठी निघण्याची संभाव्यता ६४ पैकी २, म्हणजे शेकडा ३. आता समजा, चिठ्ठी उलगडण्याआधीच कुणी सांगितलं की हिचा मंगळ जुळलेला नाही. मग बाकीच्या चव्वेचाळीस चिठ्ठ्या विसरायच्या. छेद २०. तेव्हा दोन भागिले वीस, शेकडा १०. आणि कुणी आधी सांगितलं की ह्या घरात अकाली मृत्यू झालाय, तर छेद ७. मंगळ न जुळण्याची संभाव्यता सातांत दोन, शेकडा २९."

तीन छेद, तीन प्रश्न. आणि आम्ही मोठी माणसे आयुष्यभर छेद न लिहिताच बोलत आलो!

"आता भीती बाळगायची तर कशाची?" तिने पुढे चालवले. "न जुळलेल्यांत शेकडा १०. जुळलेल्यांत चव्वेचाळिसांत पाच, म्हणजे शेकडा ११. फरक कुठंय? आणि उलट बाजूनं पाहिलं तरी तेच. अकाली गेलेल्यांत न जुळलेले शेकडा २९. पण सगळ्या ६४ जोडप्यांतही न जुळलेले २०, म्हणजे शेकडा ३१ आहेतच की! मंगळाचा मृत्यूशी काही संबंध नसता तर त्या पहिल्या घरात किती यायला हवे होते? वीस गुणिले सात भागिले चौसष्ट. दोन पूर्णांक एकोणीस शतांश. आलेत दोन."

मी ती आकडेमोड पुन्हा करून पाहिली. बरोबर होती. आडवी बेरीज ६४, उभी बेरीज ६४.

मग मी दुसऱ्या ओळीतल्या पाचांकडे पाहिले. पत्रिका उत्तम जुळलेली पाच जोडपी. एक आजीची जाऊ १९१८ च्या इन्फ्लुएंझात गेली. दोघी बाळंतपणात. एक काका क्षयाने. एक मामेभाऊ पोहताना बुडाला. ह्या पाचांच्या वेळी कुणी पत्रिका मागितली होती काय? नाही. मागितली असती तरी तिच्यात मंगळाचे काही सापडले नसते, आणि सापडले नाही ते लक्षात कोण ठेवतो? चार घरांपैकी एकच घर आम्ही पाठ केले होते. बाकीच्या तीन घरांतली ६२ जोडपी पेटीत दोऱ्याने बांधून पडली होती. कोष्टकाचा मोठेपणा, मला वाटते, एवढाच आहे की जे आपल्या लक्षात राहत नाही त्यालाही ते जागा देते.

आमच्या एका घराण्यातल्या ६४ जोडप्यांवरून जगाचा कायदा ठरत नाही, हे मलाही कळते. दोनाच्या जागी चार असते तरी तेवढ्याने काही सिद्ध झाले नसते. पण त्या रात्री मला झोप आली नाही, आणि झोप नसली की कारकुनाला जुने कागद आठवतात. एकोणचाळीस वर्षे मी विम्याचे प्रस्ताव-अर्ज तपासले. अर्जात काय विचारतात? वय, व्यवसाय, आईवडील हयात आहेत काय, नसल्यास कितव्या वर्षी व कशाने गेले, तंबाखू, दारू, जुने आजार. माणूस लवकर गेला तर विमेदाराच्या खिशाला खार लागतो; म्हणून मृत्यूशी ज्याचा ज्याचा संबंध आहे ते सारे विमेदार खोदून खोदून विचारतो. नवराबायकोच्या मंगळाचा रकाना मी त्या अर्जात कधीच पाहिला नाही. जो धंदा मृत्यूच्या हिशेबावरच चालतो त्याला ह्या ग्रहाची आठवण होऊ नये, आणि तिथे पोट भरणाऱ्या मला मात्र घरी आल्यावर ती व्हावी! कचेरीत कोटाबरोबर मी अक्कलही खुंटीला टांगून येत होतो की काय?

आमच्या धंद्याचा एक मूळ पुरुष तर चक्क आकाशातला माणूस होता. धूमकेतूमुळे ज्याचे नाव शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते तो एडमंड हॅली. ग्रहताऱ्यांच्या गती त्याला तळहाताच्या रेषांसारख्या पाठ. पण माणसे कितव्या वर्षी किती मरतात हे सांगायची वेळ आली तेव्हा त्याने आकाशाकडे पाहिले नाही. ब्रेस्लाऊ नावाच्या गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्याने घेतल्या आणि त्यांवरून १६९३ साली आयुर्मानाचे कोष्टक छापले. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. विम्याचे हप्ते शास्त्रशुद्ध ठरवण्याची वाट त्या कोष्टकाने दाखवली.

आणि आपल्या पुण्यातही एक आकाशातला माणूस होऊन गेला. डॉ. जयंत नारळीकर २०२५ साली गेले. त्यांनी २००८ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींच्या साहाय्याने ज्योतिषाची अशीच कोष्टकी परीक्षा घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, आणि त्यांतल्या सरमिसळ केलेल्या चाळीस-चाळीस पत्रिका प्रत्येक ज्योतिषाला देऊन विचारले, ह्यांतली हुशार कोण ते सांगा. सत्तावीस जणांची उत्तरे आली. खरे काय ते एका बाजूला, ज्योतिषी म्हणाले काय ते दुसऱ्या बाजूला, मध्ये आपली चार घरे! सरासरीने शेकडा ४६ उत्तरे बरोबर निघाली. नाणे उडवले असते तर ५० आली असती. हे सारे मी तेव्हा वर्तमानपत्रात वाचले होते, मान डोलावली होती आणि पान उलटले होते. वाचलेले पटायला बहुधा घरातली पेटी उघडावी लागते.

भाऊबीजेला मी ताईकडे गेलो. ती आता ऐंशीच्या घरात आहे. गुडघे दुखतात, पण अक्षर अजून तसेच. ओवाळून झाले. मी खिशातून कोष्टकाचा कागद काढला आणि तिला सारे सांगू लागलो. मला वाटले होते, ती रडेल. ती चष्मा लावून कागद तपासू लागली, जणू कुणा विद्यार्थिनीची वही.

"मी कुठल्या घरात?" तिने विचारले.

मी "२" वर बोट ठेवले.

"आणि सोबतीला कोण?"

"थोरले काका. पहिली काकू क्षयाने गेली ना."

तिने मान हलवली. मग तिचे बोट पुढच्या घरावर सरकले. "ही अठरा कोण?"

मी यादी वाचू लागलो. तिसऱ्या का चौथ्या नावावर तिने मला थांबवले.

"नाशिकची मावशी? तिला मंगळ?"

"सातव्या घरात. काकांना नव्हता. लग्न ओळखीत ठरलं, पत्रिका कुणी पाहिलीच नाही. चोपन्न वर्षं संसार झाला."

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेराव्याला माझी पत्रिका मागणारी तीच रे."

हे मला ठाऊक नव्हते. मावशी बिचारी कशी वाईट म्हणू? तिला स्वतःच्या मंगळाचा पत्ताच नव्हता. त्या अठरांपैकी बहुतेकांना नसावा. सुखाने चाललेल्या संसारात पत्रिका उघडून कोण बसतो? म्हणून ते घर आपल्याला रिकामे दिसते, आणि शेजारचे दोघांचे घर डोंगराएवढे.

"ताई," मी म्हणालो, "मला हे आधीच मोजता आलं असतं. पेटी घरातच होती. आणि त्या मुलीची पत्रिका आपण परत..."

"आपण नाही, तू," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. शुद्धलेखनातली चूक दाखवावी तशी ती म्हणाली. "मी फक्त पत्ता लिहिला. आणि अक्षर मुद्दाम चांगलं काढलं. म्हटलं, त्या पोरीच्या घरी पाकीट पोचेल तेव्हा निदान एवढं तरी कळू दे, की घाईघाईनं झटकून टाकलेलं नाहीये."

त्या मुलीचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही. सुखात असेल, असे मी स्वतःला सांगतो. पण माझ्या कोष्टकात तिला घर नाही, आणि ते कशाच्याही बेरजेने भरून येणार नाही.

ताईने कागदाची घडी घातली आणि कपाटातून आपली जुनी, पिवळी पडलेली पत्रिका काढून तिच्यात ती ठेवली. "असू दे दोन्ही," ती म्हणाली. "बारा घरांत बसवून तुम्ही मला एकटीला दोष दिलात. चार घरांत निदान माणसांत तरी बसवलंत."

मग चष्मा काढून, तबक पुढे सरकवीत तिने मला खडसावले, "आणि ओवाळणी कुठंय? का ह्या कागदावरच भागवतोस?"